बाळंतिणीनं दुखण्यावरची गोळी घ्यायची का नाही?

"दुधातनं बाळाला जाईल, गोळी नको." आमच्या सांगलीकडं बाळंतिणीच्या खोलीत हे एकदा तरी ऐकू येतंच, आणि त्याला जोडून "आम्हीबी सोसलंच की". माझी धाकटी जाऊ दुसऱ्या बाळंतपणाला तासगावला माहेरी होती, नॉर्मल झालं, टाके पडले, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची पट्टी तशीच उशाशी पडून. मी भेटायला गेले तर म्हणाली, ताई, टाक्यांचं एक वेळ ठीक आहे, पण बाळाला पाजायला घेतलं की पोटात अशा कळा येतात की नको वाटतं, पहिल्या वेळी असं नव्हतं.

तर हे असंच असतं. बाळ दूध ओढायला लागलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानं गर्भपिशवी आवळते, म्हणून कळा. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला त्या जास्त जाणवतात, पण दोन-चार दिवसांत कमी होतात. पण तेवढे दिवस तरी का सोसायचं, ते मला कळत नाही. दुखत असलं की बाई धड बसत नाही, बसत नाही म्हणून बाळाला नीट धरता येत नाही, आणि मग सगळे म्हणणार हिला दूधच नाही!

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, दोन्ही दुधात अगदी थोडं उतरतं. अहो, दीड महिन्याच्या लसीनंतर बाळालाच पॅरासिटामॉलचे थेंब देतो की आपण. टाक्यांच्या दुखण्याला पॅरासिटामॉल, कळांना आयबुप्रोफेन जास्त चांगलं लागू पडतं, ते पोटात काहीतरी खाऊन घ्यायचं, पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. पॅरासिटामॉल दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे ५०० च्या जास्तीत जास्त आठ गोळ्या. आता कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० असतं तसं पॅरासिटामॉल ३२५ पण असतं, आणि वर कुणीतरी अंग दुखतंय म्हणून डोलो ६५० देतं, तेही पॅरासिटामॉलच, पण नावं वेगळी म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, किंवा मेडिकलवाल्याला विचारा, लाजू नका.

आणि घरातली जुनी पट्टी काढून देऊ नका. ॲस्पिरिन पाजणाऱ्या आईला दुखण्यासाठी देत नाहीत. कोडीन आणि ट्रामाडॉल ही जास्त कडक दुखण्याची औषधं तर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१७ सालीच पाजणाऱ्या आयांना नको म्हणून सांगितलंय, कारण काही बायकांच्या अंगात त्याचं आणखी कडक औषधात रूपांतर फार झपाट्यानं होतं, ते दुधातनं जाऊन बाळ पेंगतं, श्वास मंदावतो. कोडीन काही खोकल्याच्या औषधांतपण असतं बरं का.

शेक, ओवा, आळीवाची खीर, डिंकाचे लाडू चालू द्या, त्याला कोण नाही म्हणतंय. जाऊबाईनं डॉक्टरांना फोन करून खात्री केली आणि मग वेळच्या वेळी गोळी घेतली, आईचं तोंड दोन दिवस वाकडं होतं, ते असूदे.

फक्त दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, ताप आला, अंगावरनं जाणाऱ्याला घाण वास यायला लागला, तासाभरात पॅड भिजलं, एकच पाय सुजून दुखायला लागला किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर गोळीवर गोळी देत बसू नका, रात्र असली तरी गाडी काढा, मिरजेचं हॉस्पिटल काय लांब नाही.