रॅबिटच्या तारेवर बर्फ

शुक्रवार, रात्री साडेनऊ

निफाडहून धाकट्याचा फोन आला. "दादा, कुंदेवाडीचा पारा घसरायला लागलाय. पहाटे बागेत शेकोट्या लावाव्या लागतील असं दिसतंय." ऐन फुगवणीत थंडी आली की द्राक्षांचे मणी तिथंच थांबतात, आणि पाणी उतरलेल्या बागेत तडकतात. दर हिवाळ्यात हे बोलणं होतंच. आज मात्र माझं अर्धं लक्ष दुसऱ्याच थंडीकडे होतं.

सोनू अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला. तिच्या फोनवर शनिवारसाठी निळा ढग, त्याखाली पांढरे ठिपके आणि आकडा, सात इंच. परवा हाच आकडा अकरा होता, काल दोन. नातवाने स्नोमॅनसाठी गाजर काढून ठेवलंय. ही म्हणाली, "तिकडचंही अंदाजपंचे दाहोदरसेच म्हणायचं."

मीही तेच म्हणालो असतो. पण सोनूने परवा एक वाट दाखवली. तिच्या भागाच्या हवामान कार्यालयात ड्यूटीवरचा माणूस दिवसातून दोन-चारदा आपलं टिपण लिहितो. चित्र नाही, ठिपके नाहीत, साधी वाक्यं. अमेरिकेचं संगणकी हवामान मॉडेल काय म्हणतंय, युरोपचं काय म्हणतंय, आपला कल कुणाकडे आणि का, कुठे फसू शकतं, सगळं त्यात. मला सबस्टेशनचं लॉगबुक आठवलं. रात्रपाळीचा ऑपरेटर सकाळच्या माणसासाठी लिहून ठेवायचा तसंच.

आजच्या टिपणाचा सूर असा की पाणी पडणार यात शंका नाही. ते कोणत्या रूपात पडणार एवढंच अडलंय. ढगातून निघतो तो बर्फच. वाटेत हजार-दीड हजार मीटरवर समुद्राकडून आलेल्या उबदार हवेचा थर लागला की तो वितळतो. मग जमिनीलगतच्या थंड हवेत शिरतो. हा थंड थर जाड असेल तर थेंब पुन्हा गोठून साबुदाण्याएवढे कण होतात, तडतड वाजत पडतात. थर पातळ असेल तर गोठायला सवडच मिळत नाही. थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदीला, गाडीला, तारेला टेकला की तिथंच काच होतो. वरच्या थरात एखाद्या अंशाचा फरक, आणि सोनूच्या गल्लीत बर्फ, साबुदाणा की काच ते ठरणार. त्यात पश्चिमेला ॲपलाचियन डोंगर. उत्तरेकडून आलेली थंड हवा त्याला अडून पूर्वेच्या बाजूला साचते, गंगापूर धरणाच्या भिंतीला पाणी साचावं तशी. जड हवा, लवकर हलत नाही.

आणि फोनवरचे सात इंच? दहा इंच भुसभुशीत बर्फ वितळवला तर साधारण एक इंच पाणी निघतं. असे बरेच नकाशे पडणाऱ्या पाण्याला सरळ दहाने गुणतात आणि साबुदाणाही बर्फातच मोजतात. नातवाचं गाजर त्या गुणाकारावर उभं आहे.

शनिवार, दुपार

रात्री झोप नाही. बर्फ म्हटलं की लोकांना काश्मीर दिसतं. माझी अख्खी नोकरी लाइनवर गेली, मला तारा दिसतात.

पहाटे उठून वहीत हिशेब मांडला. आपल्याकडे खांबावर रॅबिट नावाची तार असते. (वीजल, रॅबिट, डॉग. कंडक्टरना जनावरांची नावं देणाऱ्या गोऱ्या साहेबाला एकदा भेटायचं होतं.) रॅबिट जेमतेम दहा मिलिमीटर जाड, मीटरला साधारण २१४ ग्रॅम. तिच्याभोवती सगळीकडून अर्धा इंच बर्फ धरला तर मीटरमागे आठशे ग्रॅम वाढले. म्हणजे रॅबिटच्या पाठीवर आणखी पावणेचार रॅबिट. दोन खांबांमधल्या साठ मीटरच्या गाळ्यात तारेचं स्वतःचं वजन तेरा किलो, वर अठ्ठेचाळीस किलो बर्फ. एवढा झोळ पडल्यावर वारा कशाला हवा? बाजूच्या झाडाची फांदीही तितकीच जड झालेली, ती नेमकी तारेवरच येणार. तिकडे पाव इंचाला, म्हणजे सहा मिलिमीटरला, बर्फवादळाचा इशारा देतात. उगाच नाही.

सोनूला म्हटलं, पाणी भरून ठेव, ब्लँकेटं वर काढ. ती हसली. "बाबा, तुम्ही २०२१ च्या टेक्सासवरच अडकलात."

अडकलोय खरा. त्या फेब्रुवारीत थंडीने तिथली वीजनिर्मितीच कोसळली, सरकारी मोजणीत २४६ माणसं गेली. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, तिकडे ६०. ती ५९.४ च्या खाली गेली आणि चार मिनिटांहून जास्त तिथंच राहिली. आणखी ४ मिनिटं ३७ सेकंद तशीच राहती तर अख्खी ग्रिड बसली असती. हा आकडा वाचला तेव्हा माझा हात आपोआप लोडशेडिंगच्या स्विचकडे गेला होता, घरात खुर्चीत बसून.

उलटंही होतं. २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला दोन फुटांचा इशारा होता. भुयारी रेल्वे बंद केली, आणि सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचही भरले नाहीत. पूर्वेला लाँग आयलंडवर मात्र दोन फूट पडलाच. एवढ्या मोठ्या देशाच्या नकाशावर जोरदार बर्फाची रेघ बोटभर सरकली, बस. तिथल्या एका हवामान कार्यालयाच्या प्रमुखाने लोकांची जाहीर माफी मागितली. मला तो माणूस आवडला.

रेघ का सरकते तेही आता थोडं कळलंय. वादळाचं बीज पॅसिफिकवरून येतं. उपग्रहाची नजर असते, विमानंही पाठवतात. पण वरची हवा मोजणारे फुगे सोडणारी केंद्रं जमिनीवर. ते किनाऱ्याला लागलं की फुग्यांच्या टप्प्यात येतं आणि मॉडेलचं बोलणं बदलतं. युरोपवाले तर एकच अंदाज ५१ वेळा काढतात, सुरुवात दरवेळी किंचित वेगळी ठेवून. त्यातले किती एका सुरात बोलतात, ते बघायचं. जगभरचे फुगे एकाच वेळचे, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. पहिल्या चहाची आणि दुसऱ्या चहाची वेळ.

रविवार, पहाटे

पाचला धाकट्याचा व्हिडिओ. बागेत ओळींच्या मधून धूर, आणि तो मफलर गुंडाळून पाचरट टाकतोय. खोकत खोकत म्हणाला, "ठिबक चालू केलंय, बोअरचं पाणी कोमट लागतंय."

मग सोनूचा फोन. तिकडे शनिवारची संध्याकाळ. बर्फ अर्धा तासच पडला, नातू रुसलाय. मी म्हटलं, खिडकी उघड आणि फोन बाहेर धर. तडतड, तडतड, तव्यावर मोहरी उडावी तसा आवाज. जिवात जीव आला. साबुदाणा तारेला चिकटत नाही, खाली पडतो.

बराच वेळ तसेच ऐकत बसलो, दोघंही न बोलता. साडेपाच वाजले असतील. आवाज बंद झाला.

"थांबला वाटतं, बाबा."

"हात बाहेर काढ."

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "बाही ओली झाली."

"फोन चार्जिंगला लावलाय ना?"