फिरता बार, न येणारा वेल्डर आणि माझी पकड

पकड वाढवायची म्हटलं की लोक सगळ्यात आधी तो स्प्रिंगचा ग्रिपर हातात देतात. आमच्या घरात शोधल्यावर दोन निघाले, त्यातला एक बहुधा नवऱ्याच्या कॉलेजच्या काळातला. टीव्ही बघताना दाबत बसायला बरा आहे. पण दाबण्याची ताकद वेगळी, धरून ठेवण्याची वेगळी आणि चिमटीची आणखी वेगळी. मला हवी होती ती धरून ठेवण्याची, कारण ऑफिसच्या ग्रुपने हरिहर ठरवला होता.

नाशिककरांना हरिहर सांगायला नको. त्र्यंबकच्या बाजूचा तो गड, कातळात कोरलेल्या आणि जवळजवळ ८० अंशांत उभ्या चढलेल्या त्या पायऱ्या. १८१८ साली गड घेणारा इंग्रज कॅप्टन ब्रिग्जही त्या पायऱ्यांनी थक्क झाला होता. चढायचं पायांनीच, पण कडेच्या खोबणीतली बोटं सुटून चालत नाही. आणि माझी बोटं भाजीच्या दोन पिशव्या तिसऱ्या मजल्यावर नेतानाच उघडायची.

उपाय साधा होता. बारला नुसतं लटकायचं, दोन्ही हातांत वजन घेऊन चालायचं आणि कधीमधी लोखंडी प्लेट चिमटीत धरून उभं राहायचं. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात, बोटांपर्यंत येतात त्या फक्त कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. हात टेबलावर ठेवून बोटं हलवा, कोपराखाली हालचाल दिसेल. म्हणून लटकलं की पकड आणि फोरआर्म दोन्हींचं काम एकदम होतं. जिमची फी भरली, बूट घेतले, यात काही अडलं नाही.

अडलं ते बारपाशी.

जिमचं नाव लिहीत नाही. गंगापूर रोडच्या बाजूला अशा जिम भरपूर आहेत, काचा, निळे दिवे, मोठ्या आवाजात गाणी. ट्रेडमिल ओळीने मांडलेल्या आणि लटकायला बार एक. तोही गोल फिरणारा. म्हणजे फिरायला नको होता, पण दोन्ही टोकांना सैल झाला होता. मी हात घातला, पाय उचलले आणि बार बोटांच्या दिशेने गरकन वळला. प्रदर्शनात 'इतके सेकंद लटका आणि बक्षीस जिंका' असा खेळ असतो, त्यात मुद्दाम असाच फिरता बार लावतात, लोक हरावेत म्हणून. इथे तो मी महिन्याची फी भरून घेतला होता.

ट्रेनरला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कशाला लटकायचंय? ट्रेडमिल करा ना." मी हरिहर म्हटलं. "मग पाय करा." मी पकड म्हटलं, तर मनगटाला बांधायचे पट्टे आणून दिले. पट्टे बांधले की वजन पट्टा धरतो, बोटं नाही. जे कमवायला आले तेच काम पट्ट्याला देऊन मोकळं व्हायचं! वर, "फोरआर्म जाड दिसतील हां, नंतर म्हणू नका," असा प्रेमाचा सल्ला.

मालक भेटले ते आणखी गोड. "ताई, उद्या वेल्डर येतोय." उद्या गेले. "सोमवारी." सोमवारी वेल्डर गावाला गेला होता. मग त्याच्या घरी लग्न निघालं. अंबड-सातपूरला वेल्डिंगची दुकानं पायलीला पन्नास, आणि यांना दोन टाके मारायला माणूस मिळेना. मधल्या काळात जिममध्ये नवा आरसा मात्र बसला, सेल्फीसाठी. मी रजिस्टरमध्ये तक्रार लिहिली, खाली दुसऱ्या कुणीतरी 'मलाही' लिहिलं, आणि पुढच्या वेळी ते रजिस्टरच नव्हतं.

तोवर मी त्या फिरत्या बारलाच लटकत होते आणि सेकंदांचा आकडा काही केल्या हलत नव्हता. काही जण म्हणतात, म्हणजे बरंच झालं की, कठीण बारवर सराव झाला. मला हे पटत नाही. नवख्या माणसाची बोटं अशा बारवर स्नायू थकायच्या आधीच उघडतात. स्नायूंवर ताण येतच नाही, तळव्याची कातडी तेवढी सोलते.

शेवटी दीर मदतीला आले. ते अंबडला एका वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांनी एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप कापून, दोन्ही टोकांना फ्लँज, म्हणजे भिंतीला बसणाऱ्या चकत्या, लावून आमच्या मागच्या गॅलरीत भिंत ते भिंत घट्ट बसवून दिला. एक इंची म्हणतात, पण बाहेरून तो साधारण ३४ मिमी भरतो, मुठीत नीट येतो. नुसत्या विटांच्या पातळ भिंतीत असला उद्योग करू नका, काँक्रीट लागतं. पक्क्या बारवर पहिल्याच सकाळी जिमच्या जवळपास दुप्पट वेळ लटकले. सासूबाई चहा घेऊन बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पडशील," पण आवाजात कौतुक होतं.

पुढचं सगळं भरभर झालं. एक दिवसाआड लटकायचं, रोज नाही. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना वेळ लागतो, घाई केली की कोपर धरतं. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्यांत पाणी भरून गच्चीवर फेऱ्या मारल्या. काठोकाठ भरली तर एकेक २० किलोची होते, म्हणून सुरुवात अर्ध्यावर. तारेची कडी बोटांत रुतते, तिला जुनं फडकं गुंडाळायचं. लटकणं सोपं वाटायला लागलं की बारवरून पंचा टाकून त्याची टोकं धरायची, मग कळतं.

हे आधीच लिहायला हवं होतं: बोटं मिटवण्याइतकंच उघडण्याचंही करा. पाचही बोटांभोवती जाड रबर बँड घालून पंजा फाकवायचा. उघडणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला जोडलेले असतात, टेनिस एल्बोचं दुखणं तिथलंच.

घरात कुणी 'बायकांना कशाला हे' म्हणालं तर २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास सांगा. भारतासह १७ देशांतली सुमारे १ लाख ४० हजार माणसं त्यात होती. पकड ५ किलोने कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्के जास्त दिसला. पकड वाढवली की आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण वाद मिटवायला पुरतो.

हरिहर झाला. चढताना काहीच जाणवलं नाही. हातांचा कस लागतो तो उतरताना, कातळाकडे तोंड करून, खालची पायरी पायाने चाचपत. तेव्हा वर जाऊन फोटोंसाठी दगडांना लोंबकळत बसू नका. आणि पावसाळी हवेत हात सारखे घामेजतात, रुमाल वरच्या खिशात ठेवा, सॅकमध्ये नाही.

परवा जिममधून फोन आला होता, मेंबरशिपच्या नूतनीकरणावर सूट आहे म्हणून. बारचं काय, विचारलं. म्हणे, ताई, वेल्डरशी बोलणं झालंय.