चाललंय की, मग हात कशाला लावायचा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे मालक असोत, नाहीतर चिकोडी-रायबागकडच्या साखर कारखान्याचे अकाउंटंट, सर्व्हर अपग्रेडचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "सगळं चाललंय की व्यवस्थित, मग हात कशाला लावताय?" तुम्हीही तेच विचारलंत. फोनवर घाईत "नंतर बोलू" म्हणालो होतो, म्हणून आता जरा सविस्तर सांगतो.

चालू असलेला सर्व्हर चालू आहे एवढंच तुम्हाला दिसतं. तो बंद होऊन परत उठेल का, हे त्यातून कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीनला आभाळ भरून आलं की आपल्याकडे हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

एक उदाहरण देतो, कारण ते फार जणांकडे आहे आणि कुणाला माहीत नसतं. तुमच्या खोलीतला लोखंडी सर्व्हर म्हणजे होस्ट. त्यावर व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय, म्हणजे एका लोखंडी सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या जिवावर ईआरपी (धंद्याचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर), डेटाबेस, फाइल सर्व्हर, हजेरी अशी सगळी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलेच सर्व्हर. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या बऱ्याच होस्टमध्ये हे ईएसएक्सआय चक्क एका एसडी कार्डावर बसवलेलं असायचं, कॅमेऱ्यात घालतात तसल्या. सुरू होताना ते स्वतःला मेमरीत चढवून घेतं आणि नंतर कार्डाकडे फारसं बघत नाही. त्यामुळे कार्ड मेलं तरी काही बिघडल्यासारखं दिसत नाही. ईआरपी चालू, वजनकाट्याच्या पावत्या निघताहेत, फाउंड्रीत चलन छापलं जातंय. सगळ्या होस्टवर नजर ठेवणाऱ्या व्हीसेंटरमध्ये तेवढी एक ओळ येऊन पडते, बूट फाइलसिस्टिमच्या डिव्हाइसशी, म्हणजे त्या कार्डाशी, संपर्क तुटल्याची. ती वाचतंय कोण? असे मेलेल्या कार्डावरचे होस्ट महिनोन्‌महिने कामाला लागलेले मी बघितलेत. मग एक दिवस वीज जाते, यूपीएस जमेल तेवढा तग धरतो, जनरेटरची बॅटरी नेमकी उतरलेली निघते. रात्री वीज येते तेव्हा सर्व्हर काळ्या स्क्रीनवर उभा: बूट डिव्हाइस सापडत नाही. सकाळी फोन येतो तो मात्र "काल संध्याकाळपर्यंत चालत होता की हो" असाच.

2020 साली आलेल्या ईएसएक्सआयच्या 7.0 आवृत्तीत बूट डिस्कची मांडणी बदलली, तिच्यावरचं लिखाण वाढलं आणि अशी कार्डं आणखी लवकर मरायला लागली. पुढं कंपनीनंच सांगितलं, एसडी कार्ड सोडा. म्हणून माझ्या कोटेशनमध्ये प्रत्येक होस्टला दोन छोट्या एसएसडी असतात, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या. आणि मालकांचं पेन पहिल्यांदा त्याच ओळीवर फिरतं!

दुसरी गोष्ट, हात न लावल्यानं काम वाचत नाही, ते साठत जातं. 6.5 आणि 6.7 या आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्ट 15 ऑक्टोबर 2022 ला संपला, 7 चा 2 ऑक्टोबर 2025 ला. 8 ला 11 ऑक्टोबर 2027 पर्यंत मुदत आहे. आता 6.5 वर बसलेल्याला सरळ 8 वर उडी मारता येत नाही, मधे एक थांबा घ्यावाच लागतो. त्या थांब्यावर जुनं हार्डवेअर आडवं येतं. 7.0 मध्ये जुन्या पद्धतीचे लिनक्स ड्रायव्हर काढून टाकले, त्यामुळे काही जुनी रेड कार्डं (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी) नव्या आवृत्तीला ओळखूच येत नाहीत. कार्ड ओळखलं नाही म्हणजे त्याच्यामागच्या डिस्क दिसत नाहीत. डेटा जागेवर असतो, पण डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाइली ठेवायची जागा, गायब. हे अपग्रेडच्या रात्री समजण्यापेक्षा आधी कंपनीच्या कंपॅटिबिलिटी यादीत बघावं: सर्व्हरचं मॉडेल, कार्ड, फर्मवेअर, ड्रायव्हर, चारही. या कामातला बराच वेळ असाच कागदावर जातो, आणि बिलात तो लावला की चेहरे बदलतात.

सिक्युरिटीचं म्हणाल तर फेब्रुवारी 2023 आठवा. ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या खंडणीखोर रॅन्समवेअरनं जगभरातले हजारो होस्ट कुलूपबंद केले. ज्या भोकातून ते शिरत असल्याचं सांगितलं गेलं, त्याचा पॅच फेब्रुवारी 2021 मध्येच आलेला होता. "आमचा सर्व्हर इंटरनेटवर कुठंय?" असं तुम्ही म्हणाल. नसेलही. पण घरून बघता यावं म्हणून कुणीतरी राउटरवर पोर्ट उघडून ठेवलेलं आणि नंतर विसरलेलं, हे मला इतक्या ठिकाणी सापडलंय की आता मी विचारत नाही, आधी तपासतो.

खरी भीती मात्र स्टोरेजची. होस्ट गेला तर दुसऱ्यावर मशीन उठतात, स्टोरेज गेलं की सगळेच गेले. आणि इथं आपलं अंतर आडवं येतं. चार तासांत पार्ट देण्याचा करार मोठ्या शहरात ठीक असेल, बेळगावला डिस्क निघते ती पुण्याहून किंवा बेंगळुरूहून. 8 टीबीची एक डिस्क मेली आणि रेड कंट्रोलरनं नवी भरायला घेतली, सेकंदाला 150 एमबीचा वेग सलग मिळाला असं धरलं, तरी 15 तास लागतात. दिवसा कामाचा लोड असेल तर कितीतरी जास्त. रेड 5 एकच मेलेली डिस्क सोसतं, त्यामुळे ते असेल तर तेवढा वेळ तुम्ही उघड्यावर असता. बाकीच्या डिस्क त्याच दिवशी घेतलेल्या, तेवढ्याच वापरलेल्या, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांवर सलग वाचनाचा ताण. दुसरी गेली की मग नुसता बॅकअप, असला तर. म्हणून मोठ्या डिस्कना मी रेड 6 (दोन डिस्क मेल्या तरी चालणारं) शिवाय हात लावत नाही, एक हॉट स्पेअर, म्हणजे आपोआप कामाला लागणारी राखीव डिस्क, आत आणि एक त्याच मॉडेलची डिस्क कपाटात. फाउंड्रीत तर मोल्डिंगची बारीक वाळू आणि काळी भुकटी सर्व्हरच्या पंख्यापर्यंत पोचते. बोट फिरवलं की काळं होतं. तिथं एसीपेक्षा दाराच्या फटी बुजवल्याचा जास्त उपयोग होतो.

स्टोरेजमधलं एक काम मालकांना कधीच पटत नाही. जुने डेटास्टोअर व्हीएमएफएस 5 या व्हीएमवेअरच्या जुन्या फाइलसिस्टिमवर असतात. 6.5 पासून व्हीएमएफएस 6 आलं, पण जागच्या जागी ते बदलता येत नाही. नवा व्हॉल्यूम करायचा, एकेक मशीन चालू असतानाच तिकडे हलवायचं, मग जुना रिकामा करून मोडायचा. म्हणजे तेवढी रिकामी जागा हवी. "आहे त्या डिस्क भरल्यात म्हणून अपग्रेड, आणि अपग्रेडला आणखी डिस्क?" होय की, असंच आहे ते.

स्नॅपशॉटबद्दल, म्हणजे मशीन परत आधीच्या स्थितीत नेता यावं म्हणून ठेवलेल्या खुणेबद्दल, एवढंच: तो बॅकअप नव्हे. तीन दिवसांच्या वर ठेवू नका असं व्हीएमवेअरच सांगतं. डेटास्टोअर काठोकाठ भरून मशीन थांबलेली दिसली की मी आधी कुणीतरी "अपडेटच्या आधी" म्हणून घेतलेला जुना स्नॅपशॉट शोधतो.

आता अपग्रेडचा क्रम. आधी चालू बॅकअप सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीला चालतं का ते बघायचं, आणि एक मशीन खरोखर रिस्टोअर करून उठवायचं. मग व्हीसेंटर, मग एकेक होस्ट रिकामा करून, मग टूल्स (प्रत्येक मशीनमधलं व्हीएमवेअरचं मदतनीस सॉफ्टवेअर), आणि सगळं स्थिर झाल्यावर मशीनच्या व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती. तीन होस्ट असतील आणि दोघांवर सगळं मावत असेल तर दिवसाढवळ्यासुद्धा करता येतं. दोनच असून दोन्ही भरलेले असतील तर रात्र काढावी लागते.

यानंतर हल्ली हमखास येतो तो प्रश्न ब्रॉडकॉमचा. 22 नोव्हेंबर 2023 ला त्यांनी व्हीएमवेअर विकत घेतलं, त्याच डिसेंबरात कायमचं लायसन्स विकणं बंद केलं आणि सगळं मुदतीच्या वर्गणीवर आणलं. मोजणी कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांवर, आणि प्रोसेसरला किमान 16 कोअर धरले जातात. तुमच्या प्रोसेसरला आठ असले तरी पैसे सोळाचे. त्यामुळे दोन-तीन होस्टवाल्यांना प्रॉक्समॉक्स, हेच काम करणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर, खुणावतंय, आणि माझंही मत त्याच बाजूला आहे, एका अटीवर: लिनक्सला न घाबरणारा एक तरी माणूस तुमच्याकडे हवा. नुसता रागावून जाणार असाल तर जाऊ नका. विंडोज मशीन हलवताना व्हर्टआयओचे, म्हणजे प्रॉक्समॉक्सची डिस्क आणि नेटवर्क ओळखायला लागणारे, ड्रायव्हर आधीच घातले नाहीत तर ते निळ्या स्क्रीनवर अडू शकतं. नेटवर्क कार्ड नवं दिसल्यामुळे ठरलेला आयपी जुन्या, आता नसलेल्या कार्डावर अडकून राहतो. आणि अकाउंटिंगचं लायसन्स मशीनच्या ओळखीला किंवा यूएसबी डोंगलला बांधलेलं असेल, तर त्या कंपनीशी आधी बोलून ठेवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर गाळप संपेपर्यंत मी काहीच सुचवणार नाही. ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर असताना वजनकाट्याचा सर्व्हर कुणी उचलत नाही. मार्चमध्ये काटा थंडावला की आठवडा मोकळा द्या. त्याआधी डिस्क आणि त्या दोन एसएसडींची ऑर्डर गेलेली असू दे, यायला वेळ लागतो. एप्रिल अर्धा उलटला आणि वळीव सुरू झाला, तर मग मी होस्ट रिबूट करायला येणार नाही, आधीच सांगून ठेवतो.