तिथं बघायला काय आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हला निघालेय म्हटलं की घरी आलेले पाहुणे काय आणि शेजारच्या काकू काय, सगळ्यांचा प्रश्न ठरलेला: "तिथं बघायला काय आहे?" दोष त्यांचा नाही. पाटीवर 'राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय' असं लिहिलेलं, आणि पुण्यात संग्रहालय म्हटलं की केळकर संग्रहालय. तिकीट काढायचं, अडकित्ते आणि दिवे बघायचे, मस्तानी महालात जरा रेंगाळायचं, की झालं.

इथं तसं नाही. आवारात जयकर बंगला आहे, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचा. तो बघून घ्या, सुंदर आहे. थिएटर आहे, ग्रंथालय आहे. पण खरा ऐवज थंड खोल्यांमध्ये, मांडणीवर एकावर एक रचलेल्या डब्यांत. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कुणी दाखवत नाही. दाखवूही नये.

का, ते मला एका डब्याने शिकवलं. माझे मामा जत्रांमधून तंबूतला सिनेमा चालवायचे. ते गेल्यावर माळा आवरताना गंजलेला एक डबा सापडला. झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर भस्सकन व्हिनेगरचा वास. आत फिल्म होती, पण कडा लाटेसारख्या वाकड्यातिकड्या झालेल्या आणि मधले वेढे एकमेकांना चिकटून त्यांची वडी झालेली. फिल्ममधल्या एका जाणकारांकडे डबा घेऊन गेले. त्यांनी चित्र बघितलंच नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाले, "गेली ही." मग दारापर्यंत सोडायला येऊन बजावलं, "दुसऱ्या रिळांजवळ ठेवू नका हं." मामांची ती असिटेट फिल्म, म्हणजे असिटेट नावाच्या प्लॅस्टिकची. उष्णतेने आणि दमटपणाने ती आतूनच कुजायला लागते, तिच्यातून आम्ल सुटतं, आणि त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. नासक्या आंब्याची अढी डोळ्यांपुढे आणा.

असिटेटच्या आधी वापरात होती ती नायट्रेट फिल्म तर आणखी वाईट. एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळते. शिवाय त्या काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी. सिनेमा उतरला, पैसे वसूल झाले, की प्रिंट धुऊन चांदी काढायची आणि उरलेली पट्टी बांगड्या करणाऱ्यांना विकायची, हा सरळ व्यवहार होता. कुणाच्या तरी आजीच्या हातात एखादा मूकपट किणकिणला असेल! आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले पूर्ण असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. १९३१चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रिंट आज नाही.

हे संग्रहालय सुरू झालं १९६४मध्ये. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर ५१ वर्षांनी, निम्मं घर वाहून गेल्यावर. पुढच्याच वर्षी तिथं पी. के. नायर आले आणि १९९१ला निवृत्त होईपर्यंत जिथून मिळेल तिथून डबे आणत राहिले. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून रिळं मिळवली. ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहात १२ हजारांच्या आसपास चित्रपट होते, त्यातले ८ हजार भारतीय. मला त्यांची एक गोष्ट फार पटते: हा सिनेमा थोर आणि हा भिकार, हे ठरवणं जपणाऱ्याचं काम नाही, मिळेल ते ठेवायचं. आपण उलट वागतो. 'संत तुकाराम' जपायला सगळे तयार, पण मारामारीचा एखादा टुकार सिनेमा कोण ठेवणार? त्यातच तर त्या वेळचा रस्ता, दुकानांच्या पाट्या, बायकांची नेसण जशीच्या तशी सापडते.

'मार्तंड वर्मा'चा किस्सा मी प्रत्येकाला ऐकवते. १९३३चा केरळातला मूकपट. ज्या कादंबरीवर तो केला तिचे हक्क प्रकाशकाकडे होते, प्रकरण कोर्टात गेलं आणि प्रिंट जप्त झाली. निर्माता बुडाला. पण सिनेमा पुस्तकांच्या दुकानात पडून राहिला, थिएटरांतून झिजला नाही, चांदीसाठी धुतला गेला नाही, आणि १९७४मध्ये या संग्रहालयात आला. चालला असता तर बहुधा उरला नसता.

नशिबावर किती दिवस चालणार? आपल्याकडे पुस्तक छापलं की ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते, १९५४चा कायदाच आहे. सिनेमासाठी असा कायदा नाही. सेन्सॉरचं सर्टिफिकेट घ्या आणि मोकळे व्हा. प्रिंट संग्रहालयात येते ती विकत घेतली तर, कुणी दिली तर, किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर. मला हे अजब वाटतं. आणि जपलेलंही कायमचं नसतं. जानेवारी २००३मध्ये, जिथं पूर्वी प्रभात स्टुडिओ होता त्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, संग्रहालयाच्याच कोठारांना आग लागली आणि नायट्रेटवरचे जुने सिनेमे जळून गेले. काहींच्या दुसऱ्या फिल्मवर प्रती काढून ठेवलेल्या होत्या, म्हणून ते तरी राहिले.

"यूट्यूबवर असतं की सगळं," असं भाचा म्हणतो. असतं ना. पण यूट्यूबवर चढवायला आधी कुणाकडे तरी डबा धड असावा लागतो.

तर बघायला काय आहे? थिएटरमध्ये खेळ असेल तर या, माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामीच असते. मामांचा डबा अजून माझ्या गॅलरीत आहे, कुंड्यांच्या मागे, एकटा. सुरुवातीची पट्टी तुटलेली, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही. मामींना विचारलं, तर त्यांना एवढंच आठवतं की त्यात बैलगाडीतलं एक गाणं होतं आणि ते लागलं की तंबूतली पोरं पडद्याजवळ जाऊन नाचायची.