तुम्ही विचारलंत म्हणून: काळे मणी

प्रदर्शनात माझ्या काचेच्या मण्यांच्या टेबलापाशी जरा रेंगाळलेलं माणूस हमखास विचारतं, "मंगळसूत्राचे काळे मणी नाही का करत? खूप खपतील हो." खपतील, माहीत आहे मला. निळ्या-हिरव्या मण्यांवर घर चालत नाही, हेही माहीत आहे.

माझं ठरलेलं उत्तर असं: पोतीचे मणी टॉर्चवर, म्हणजे मी वापरते त्या ज्योतीच्या बर्नरवर, होत नाहीत. त्यासाठी काचेची पोकळ नळी लांबच लांब ओढायची, बारीक तुकडे करायचे, पुन्हा तापवून त्यांच्या कडा मारायच्या. आंध्रात पापनायडुपेटला हेच काम चालत आलंय. मी एका वेळी एकच मणी करते. स्टीलच्या सळईवर मातीचा लेप द्यायचा आणि ज्योतीत मऊ झालेली काच त्यावर गुंडाळायची. सळईच दीड-दोन मिलिमीटरची, म्हणजे माझ्या मण्याचं भोकच पोतीच्या अख्ख्या मण्याएवढं.

लोकांना पटतं. पण हे उत्तर अर्धंच आहे. हल्लीच्या आखूड मंगळसूत्रांत एखाद-दुसरा ठसठशीत मणीही चालतो, आणि तसे मी केले होते.

एका मुलीने लग्नासाठी करून घेतले. सोन्याच्या वाट्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक, करवंदाएवढे. काही महिन्यांनी तिच्या सासूबाई घरी आल्या. पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उलगडली, तर मण्याची दोन शकलं. भांडी घासताना मंगळसूत्र वाढलं, आणि त्याच आठवड्यात मुलाला स्कूटरवरून अपघात, पाय प्लास्टरमध्ये. मी म्हटलं, काकू, काच आहे, दुसरा करून देते. त्या म्हणाल्या, "दुसरा नको. पैसेही नकोत." मग माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही घालत नाही ना, तुम्हाला नाही कळायचं."

आवाज अजिबात चढला नव्हता. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर शकलं भिंगाखाली धरली. बाहेरून आपटून फुटली असती तर पृष्ठभागावर कुठेतरी टवका दिसला असता. तडा भोकाच्या कडेपासून निघाला होता. म्हणजे आतला ताण? की शेजारचा सोन्याचा मणी घासून घासून कड दुखावली? दोन्ही शक्य आहे. ताण राहू नये म्हणून भट्टीत ५२० अंशांच्या आसपास ठेवून रात्रभर हळूहळू निववले होते, नेहमीसारखेच. पारदर्शक मणी असता तर द्यायच्या आधीच दोन पोलरॉइड फिल्म (फोटोच्या नव्हे, प्रकाश गाळणाऱ्या) आडव्या-उभ्या धरून, ग्लिसरीनमध्ये बुडवून बघितला असता. काचेत ताण राहिला असेल तर काळोखात उजळ पट्टे दिसतात. काळ्या मण्यातून उजेडच जात नाही, मग बघणार काय? देताना मी केवळ भट्टीच्या भरवशावर देते.

कॉलेजातली मी हे ऐकून हसली असती. काच फुटते आणि स्कूटर घसरते, त्यांचा संबंध काय? काहीच नाही, आजही तेच म्हणेन. अशा समजुतींना खतपाणी नको म्हणून तर काळे मणी मुद्दाम करत राहायला हवेत, असंही ती म्हणाली असती. बरोबर असेल तिचं. पण पुडी तिच्यासमोर उलगडली नव्हती कुणी. आणि एक विचारते: त्या बाईंच्या भीतीला मी मान देतेय, की पुन्हा ते वाक्य ऐकायला लागू नये म्हणून पळतेय? कधी हे वाटतं, कधी ते.

काळी कानातली करते, खुशाल घ्या. कानातलं फुटलं तर फक्त कानातलं फुटतं.

आणि एक, एवढं सगळं ऐकून घेतलंत म्हणून सांगते. मी वापरते ती काळी काच मुळात काळी नाहीच. ज्योतीत तिची बारीक तार ओढून खिडकीशी धरली की गर्द जांभळी दिसते. तेव्हा गडद जांभळे, पण उजेड आरपार जाईल असे मणी मागितलेत तर तपासून, खात्रीने करून देईन. पुढे ते कशात ओवायचे ते तुमचं तुम्ही बघा. मला सांगू नका.