'नेल'ची प्रतिकृती : पावसाळ्यातील काम

'बॅटल बियॉन्ड द स्टार्स' (१९८०) या चित्रपटातील 'नेल' यानाची प्रतिकृती मी फोंड्यात घरीच करीत आहे. रंगकामाआधी चित्रपट पुन्हा पाहिला आणि यानाची दृश्ये एकेक फ्रेम थांबवून न्याहाळली.

रॉजर कॉर्मन यांनी सुमारे वीस लाख डॉलरमध्ये काढलेला हा अंतराळपट जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई'वर (१९५४) उघडपणे बेतलेला आहे. संकटातल्या ग्रहाचे 'अकीर' हे नावही त्या ऋणाची नोंदच आहे. माझ्या मते त्याचे खरे वैभव यानांमध्ये आहे. ती घडवणाऱ्या चमूत तेव्हा अपरिचित असलेले जेम्स कॅमेरॉन होते, आणि कलादिग्दर्शनही पुढे त्यांच्याकडेच आले. याच चित्रपटातील यानदृश्ये आणि जेम्स हॉर्नर यांचे संगीत कॉर्मन यांनी 'स्पेस रेडर्स'मध्ये (१९८३) पुन्हा वापरले, यावरून त्या कामाची किंमत त्यांना किती कळली होती ते दिसते.

'नेल'चा देह सजीव शरीरासारखा गोलाईदार असल्याने सांगाडा थर्माकोलचा केला. स्प्रेच्या डब्यातील द्रावक थर्माकोल विरघळवतो; म्हणून आधी पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलचे थर, मग पुट्टी, मग घासकाम असा क्रम ठेवला. जुन्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटांमधील सुटे भाग मुद्दाम सांध्यांपाशीच दाट बसवले आहेत. बारीक भागांच्या शेजारी मोकळा पृष्ठभाग राहिला, तरच यान प्रचंड असल्याचा भास होतो. सध्या अडचण हवेची आहे. गोव्यातील पावसाळी दमटपणात लॅकर सुकताना त्यावर पांढुरकी झाक धरते, त्यामुळे अखेरचा थर पाऊस ओसरेपर्यंत थांबवला आहे.

दरम्यान प्रतिकृतीच्या चित्रणासाठी प्रकाशाची चाचणी घेतली. एकाच बाजूने एकच प्रखर दिवा आणि मागे काळे मखमल ठेवल्यावर सावल्या धारदार पडतात. कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र (अॅपर्चर) एफ/१६ पर्यंत लहान करून दीर्घ एक्स्पोजर दिले की नाकापासून शेपटीपर्यंत सारे स्पष्ट येते. एरवी अर्धे यान धूसर होते आणि ते खेळणे असल्याचे लगेच कळते. इंजिनांची लाली मात्र मुख्य दिवा विझवून, कॅमेरा तसूभरही न हलवता वेगळ्या एक्स्पोजरमध्ये घेणार आहे. त्यासाठी पातळ अॅक्रिलिकमागे एलईडी बसवण्याचे काम आता सुरू आहे.