गोल्फच्या पहिल्या सेटनंतर कुठले क्लब घेऊ? (तुम्ही विचारलंत म्हणून)

हा प्रश्न मला रेंजवर (सरावाच्या मैदानावर) येतो, राऊंडनंतर चहाच्या टेबलावर येतो, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर तर सारखाच येतो. वर्ष-दोन वर्षं गोल्फ खेळून झालेलं असतं, खोक्यात बॅगेसकट मिळालेला तो क्लबांचा (मारायच्या काठ्यांचा) पहिला सेट आता पुरत नाही असं वाटायला लागलेलं असतं, ग्रुपमधल्या कुणीतरी नवीन आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचे, नंबर लिहिलेले क्लब) आणलेले असतात आणि मग मेसेज, "ताई, सेट अपग्रेड करायचाय, कुठला घेऊ?" खाली तीन-चार फोटो, सगळे चकचकीत, आणि किमती बघून आपणच एकदा श्वास घ्यावा अशा.

मी ब्रँड सांगत नाही, त्यामुळे लोक जरा हिरमुसतात. मी उलट विचारते की तुमचा सेव्हन आयर्न किती यार्ड जातो? पीडब्ल्यू (पिचिंग वेज; वेज म्हणजे जवळच्या अंतराचे जास्त तिरके क्लब) किती? सँड वेज किती? आणि यांच्या मधलं अंतर आलं तर काय करता? पहिल्या प्रश्नाला लगेच उत्तर येतं (बहुतेक वेळा जरा वाढवून), दुसऱ्याला अंदाजे, आणि शेवटच्याला "ॲडजस्ट करतो". तर ते ॲडजस्ट करतो जिथे जिथे आहे ना, तिथे तिथे तुम्हाला क्लब हवाय. बाकीच्या ठिकाणी नकोय. एवढंच माझं म्हणणं आहे, खाली सगळा त्याचाच विस्तार.

नियमाप्रमाणे बॅगेत १४ क्लब चालतात. सुरुवातीच्या सेटमध्ये साधारण दहा-बाराच असतात, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा), एखादा फेअरवे वूड (तोही मोठ्या डोक्याचा, लांब अंतराचा), एक-दोन हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधले), सहा ते नऊ नंबरचे आयर्न, पीडब्ल्यू, सँड वेज, पटर (होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, बॉल ढकलायचा). म्हणजे काहीही न काढता दोन ते चार क्लबांची जागा तुमच्या बॅगेत आत्ताच रिकामी आहे. ती जागा कुठली हे कळायला आधी मोजायला लागतं आणि मोजायचा सगळ्यांना कंटाळा, खरेदीचा मात्र कुणाला नाही.

मोजायचं कसं, तर बॉल हवेत किती गेला ते धरायचं, म्हणजे कॅरी. आपल्याकडे हे जास्तच महत्त्वाचं, कारण पुण्यात एप्रिल-मेमध्ये फेअरवे (ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) इतका कडक होतो की पडलेला बॉल पळतच सुटतो आणि जुलैत तोच बॉल जिथे पडला तिथेच रुतून बसतो, मग "माझा सेव्हन आयर्न १४० जातो" याला अर्थ काय राहिला, कुठल्या महिन्यात? रेंजवरचे बॉल बऱ्याचदा मार खाऊन खाऊन मेलेले असतात आणि कमी जातात, त्यामुळे तिथल्या आकड्यावर फार विसंबू नका. पुण्या-मुंबईत आता लाँच मॉनिटर (शॉटचं अंतर मोजणारं यंत्र) असलेल्या जागा आहेत, तिथे एकदा तास-दीड तास घालवा, प्रत्येक क्लबने दहा-दहा बॉल मारा आणि सगळ्यात भारी गेलेला शॉट विसरून जा. कोर्सवर जे नेहमी होतं ते लिहून काढा, वर्षातून एकदा होतं ते नको.

आता आयर्नवरच्या नंबरांबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. क्लबच्या खाली ७ लिहिलंय म्हणजे सगळ्या कंपन्यांचा ७ सारखाच असेल असं आपण धरून चालतो. तसं नसतं. नवशिक्यांसाठी आणि मधल्या खेळाडूंसाठी बनवलेल्या आजच्या आयर्नमध्ये सेव्हनचा लॉफ्ट (क्लबच्या चेहऱ्याचा तिरकेपणा, जितका कमी तितका बॉल लांब) २८ ते ३० अंश असतो, आणि प्रो लोक वापरतात त्या पातळ ब्लेडमध्ये तोच सेव्हन ३४ च्या आसपास. म्हणजे एकाचा सात हा दुसऱ्याचा जवळजवळ सहा किंवा पाचच. दुकानात नवा सेव्हन मारून बघितला, वीस यार्ड जास्त गेला, आणि माणूस खूश होऊन पूर्ण सेट घेऊन घरी. अहो, वाढ बरीचशी लॉफ्टची आहे, शाफ्टही (दांडाही) अर्धा इंच लांब असेल. त्यात वाईट काही नाही, हेड असं बनवलेलं असतं की कमी लॉफ्टनेसुद्धा बॉल वर जावा. पण त्याचा हिशोब दुसरीकडे चुकता करावा लागतो, आणि ती जागा म्हणजे वेज.

सेव्हन २९ झाला की पीडब्ल्यू ४३-४४ वर येतो. तुमचा सँड वेज मात्र ५६ लाच बसलेला. मध्ये बारा अंशांचं भगदाड! दोन क्लबांत चार-पाच अंशांचा फरक बरा, त्यातून साधारण दहा-बारा यार्डांची पायरी पडते. इथे पायरीच नाही, उडीच मारायची. पीडब्ल्यू ९० जातो, सँड वेज ६०, आणि कोर्सवर बॉल कायम ७५ वर येऊन थांबतो, हे तुमच्या बाबतीत होत असेल तर तुम्हाला नवीन सेट नकोय, एक ४८ ते ५० अंशांचा गॅप वेज हवाय. एक क्लब. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातले निम्मे तरी तरीही पूर्ण सेट घेऊन आले, ते असो.

वेज घेताना लॉफ्ट सगळे बघतात, बाऊन्स कुणी बघत नाही. बाऊन्स म्हणजे क्लबच्या तळव्याची पुढची कड जमिनीपासून किती वर उचललेली आहे तो कोन. जास्त बाऊन्स असला की क्लब मातीत घुसत नाही, घसरून पुढे निघतो, कमी असला की कड बॉलच्या खाली सहज जाते. आता आपल्या हवामानात हे सगळं गंमतीशीर होतं. उन्हाळ्यात जमीन दगड, गवत नावाला, तिथे १२ अंश बाऊन्सचा वेज आपटून उडतो आणि बॉल मधोमध कापला जाऊन ग्रीनच्या पलीकडे. पावसाळ्यात जमीन लोणी, तिथे कमी बाऊन्सचा वेज रुततो आणि बॉल दोन हात पुढे. पण त्याच पावसाळ्यात बंकरमधली वाळू भिजून घट्ट बसलेली असते, तिथे परत जास्त बाऊन्सचा त्रास! म्हणजे एकाच दिवशी, एकाच होलवर, फेअरवेला एक हवं आणि बंकरला दुसरं. याला परिपूर्ण उत्तर नाही. माझं मत, पहिल्यांदा घेताय तर गॅप वेजला ८ च्या आसपास घ्या, सँड वेज १० ते १२ चा घ्या, आणि उन्हाळ्यात कडक जमिनीवरून ग्रीनजवळ सँड वेज काढूच नका, नाईन आयर्नने टुकुटुकु पळवा. कॅडीला (बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याला) विचारा, तोही हेच सांगेल. किंबहुना कॅडीला सगळंच विचारा, तुमचा बॉल कुठे कुठे जातो हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहिती असतं आणि दुकानदारासारखं त्याला काही विकायचं नसतं.

बॅगेच्या दुसऱ्या टोकाला उलटा प्रॉब्लेम असतो. तिथे क्लब जास्त आणि अंतरं कमी. स्विंग हळू असेल (माझा आहे, बऱ्याच बायकांचा असतो, आणि साठीच्या पुढच्या काकांचा पण, ते मान्य करत नाहीत) तर फाइव्ह आयर्न आणि सिक्स आयर्न जवळपास सारखेच जातात, कारण फाइव्हने बॉल पुरेसा वरच जात नाही. तेव्हा नवीन सेट घेताना दुकानदार "सर, फोर टू पीडब्ल्यू घ्या, कंप्लीट सेट" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. सहा किंवा सातपासून आयर्न घ्या आणि वर हायब्रिड. नाहीतर २१ अंशांचा सेव्हन वूड, तो तर मला फारच लाडका. सेव्हन वूड काढला की आमच्या ग्रुपमध्ये आधी हसायचे. आता दोघांकडे आहे.

आयर्नमध्ये कॅव्हिटी बॅक की ब्लेड हा प्रश्न येतोच. कार्स्टन सोल्हाइम नावाचा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनियर, स्वतःचं पटिंग जमेना म्हणून १९५९ मध्ये त्याने घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला, बॉलला लागल्यावर जो आवाज यायचा त्यावरून पिंग हे त्याच्या कंपनीचं नाव आलं. त्याची कल्पना साधी, वजन मधोमध ठेवण्याऐवजी कडांना न्यायचं, म्हणजे बॉल मध्यावर नाही लागला तरी हेड कमी वळतं. पुढे आयर्नमध्येही हेच आलं, कॅव्हिटी बॅक म्हणजे तेच. तर तुमचा बॉल दर वेळी मध्यावर लागत असेल तर ब्लेड घ्या. लागत नसेल तर अपग्रेडच्या नावाखाली स्वतःला अवघड पेपर कशाला घालून घ्यायचा? क्लबच्या चेहऱ्यावर पायाला लावायची पावडर मारा, बॉल मारा, ठसा कुठे उठतो ते बघा, उत्तर तिथेच आहे.

शाफ्टबद्दल थोडं सविस्तर, कारण बायकांचे मेसेज यावरच जास्त असतात. आपल्याला आपोआप लेडीज फ्लेक्स (फ्लेक्स म्हणजे शाफ्ट किती लवतो ते, लेडीज सगळ्यात मऊ) हातात देतात, सोबत गुलाबी बॅग. मुळात फ्लेक्सला काही प्रमाणित माप नाही, एका कंपनीचा रेग्युलर तो दुसरीचा सीनियर, ब्लाऊजच्या मापासारखं, एका शिंप्याचं ३६ दुसऱ्याकडे लागतच नाही. तुम्ही पूर्वी बॅडमिंटन-टेनिस खेळलेल्या असाल, हात जोरात चालत असेल तर लेडीज शाफ्ट तुम्हाला लुळा पडेल, सीनियर किंवा रेग्युलर ग्रॅफाइट मारून बघा. उलट नवऱ्याचा जुना स्टीलचा सेट कापून देतो असं कुणी म्हणालं तर नको. कापल्यावर हेड हलकं वाटायला लागतं आणि शाफ्ट अजून कडक. शिवाय लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) बिघडलेलाच राहतो, पाच फुटी बाईच्या हातात पुरुषांचा क्लब दिला की हेडचं पुढचं टोक हवेत उचललेलं राहतं आणि (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा) बॉल डावीकडे जातो, आणि ती बिचारी सहा महिने स्विंग दुरुस्त करत बसते. हे तपासणं फुकट आहे. बॉलवर मार्करने एक जाड उभी रेघ काढा, ती बाजू क्लबकडे ठेवून मारा, चेहऱ्यावर रेघ उमटते. सरळ उमटली तर ठीक, तिरकी उमटली तर लाय चुकलाय. फोर्ज केलेले (ठोकून घडवलेले) आयर्न सहज वाकवून मिळतात, कास्टमध्ये (साच्यात ओतलेल्यांत) काही वाकतात, काही नाही, घेण्याआधी विचारा.

ग्रिप. याच्यावर कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. मुंबईच्या दमटपणात आणि आपल्या घामात रबर लवकर गुळगुळीत होतं, मग आपण घट्ट धरतो, घट्ट धरलं की खांदे आखडतात. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन बघा, नाहीतर नवीन बसवून घ्या, दोऱ्याची वीण असलेल्या कॉर्ड ग्रिप दमट हवेत छान. नवीन सेटच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही आणि निम्म्या लोकांना वाटतं की क्लबच नवीन आलेत.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी बदला. हेडच्या आकारमानाला नियमाने ४६० सीसीची मर्यादा आहे, तुमच्या पहिल्या सेटमधला ड्रायव्हर बहुधा तेवढाच आहे, आणि चेहऱ्याची स्प्रिंग किती असावी यालाही नियमांनी कधीचीच वेसण घातलेली आहे, त्यामुळे दर वर्षी येणारा "आता पंधरा यार्ड जास्त" हा प्रकार किती खरा ते तुम्हीच बघा. घ्यायचाच तर दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल घ्या, लॉफ्ट १०.५ च्या खाली जाऊ नका, हळू स्विंगला १२ सुद्धा चालेल. आणि लांब मारता येत नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी, अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते झालं २०२१ मध्ये) चौथी आली, एका शॉटने पदक हुकलं, आणि ड्राइव्हच्या अंतरात ती त्या मैदानात अगदी खालच्या नंबरांत होती. ती पोचली वेज आणि पटरवर.

खरेदी कुठून? आपल्याकडे बहुतेक माल बाहेरून येतो, ड्युटी लागते, आणि दुकानात माप-शाफ्टची निवड कमी, डावखुऱ्यांना तर विचारूच नका. अमेरिकेतला भाचा येतोय तर त्याला आणायला सांगणं हा आपला राष्ट्रीय उपाय आहे, चांगलाच आहे, फक्त तिथे ऑर्डर देण्याआधी इथे मोजून शाफ्ट, लांबी, लाय कागदावर लिहून द्या, नाहीतर तो बिचारा सेलमध्ये दिसेल ते उचलतो. सेकंडहँड घ्यायला माझी काहीच हरकत नाही, आपल्या गोल्फ क्लबच्या सदस्यांकडून मिळाले तर उत्तमच. चेहऱ्यावरच्या खाचा झिजल्यात का ते बघा, वेजच्या तर नक्कीच, कारण झिजलेल्या खाचांनी स्पिन जातो. ऑनलाइन फारच स्वस्त दिसलं तर नकली असण्याची शक्यता मोठी, मोठ्या ब्रँडच्या हेडच्या मानेवर बहुधा सिरियल नंबर कोरलेला असतो, तो कंपनीला कळवून खात्री करता येते.

आणि जुन्या सेटचं काय करू, हेही विचारता. आयर्न एखाद्या नवीन शिकणाऱ्या पोराला द्या. हायब्रिड मारता येत असेल तर तो नव्या आयर्नसोबत तसाच ठेवा, मॅचिंग दिसत नाही म्हणून बदलू नका. पटर आवडत असेल तर तोही ठेवा, नसेल तर दुकानात ३३ आणि ३४ इंचाचा घेऊन दहा फुटांवरून मारून बघा, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात ३५ इंची पटर असतो आणि टोकाला दोन इंच ग्रिप रिकामी सोडून ते खाली धरतात. तेवढं बघितलंत आणि मोजलेले आकडे हाताशी असले की मग फोटो पाठवा, तेव्हा ब्रँडबद्दल पण बोलू.